पाणी निळं नव्हतं

हेडबाईंच्या टेबलावर एक कर्कटक ठेवलं होतं. त्याच्या टोकाला रक्त सुकून काळं झालं होतं. काशीरामला बसायला कुणी सांगितलं नाही आणि तोही बसला नाही. बंदरावर एका होडीवर नाव घालत असताना चहाच्या टपरीवर शाळेचा फोन आला होता, त्यामुळे त्याच्या बोटांना पांढरा ऑइलपेंट तसाच होता.

भिंतीशी त्याची मुलगी दर्शना उभी होती. नऊ वर्षांची, चौथीतली. समोरच्या बाकावर तिच्याच वर्गातली स्वानंदी आईला चिकटून बसली होती. तिच्या हाताला पट्टी बांधलेली होती.

“मुलींनी राख्या करायला घेतल्या होत्या,” वर्गाच्या बाई सांगू लागल्या. “पुठ्ठ्यावर गोल काढायला म्हणून कर्कटक. दर्शना नुसतीच बसून होती. तर स्वानंदी तिला चांगल्या मनानंच म्हणाली, की तुझा भाऊ तारा झालाय, तू आकाशाकडे बघून राखी ठेव. एवढंच. हिनं तिचा हात धरला आणि खुपसलं.”

“आम्हाला वाईट वाटतंच हो,” स्वानंदीची आई म्हणाली. “पण दोन वर्षं झाली आता. तिला कुणाला तरी दाखवा. डोळ्यात गेलं असतं तर?”

“माफी माग तिची,” हेडबाई दर्शनाला म्हणाल्या.

दर्शना भिंतीशीच उभी राहिली.

“माग म्हणतायत ना त्या,” काशीराम म्हणाला.

“ती खोटं बोलली,” दर्शना म्हणाली.

काशीरामने तिच्या थोबाडीत मारली. दर्शनाने तोंड वळवलं नाही, डोळे मिटले नाहीत. गालावर पांढऱ्या रंगाची दोन बोटं उमटली, ती तिने पुसलीही नाहीत. माफी तिने मागितली नाहीच. काशीरामने मागितली, तिच्या वतीने, दोन्ही हात जोडून, आणि ती मागताना त्याला सगळ्यांचा राग आला. स्वानंदीच्या आईचा, त्या पट्टीचा, भिंतीवरच्या ‘सदा खरे बोलावे’ या पाटीचा. ती पाटी त्यानेच रंगवली होती.

काशीराम पेंटरचं घर रत्नागिरी शहराच्या वरच्या अंगाला, सड्यावर होतं. सडा म्हणजे नुसता कातळ. पावसाळ्यात त्यावर गवत येतं, एरवी काळा दगड आणि मधे मधे जांभ्याच्या चिऱ्यांच्या खाणी. घरापासून पंधरा मिनिटांवर अशीच एक खाण होती. चिरे काढून झाले तसं खाणवाल्याने काम थांबवलं आणि खड्डा उघडा टाकला. ना कुंपण, ना काटेरी तार. श्रावणापर्यंत त्यात दोन पुरुष पाणी साठायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्या पाण्यात काशीरामचा मुलगा विठू बुडाला. नऊ वर्षांचा होता. संध्याकाळी त्याला शोधत गेलेल्या गावातल्या माणसांनी दोर सोडून त्याला वर काढला. त्याच वेळी कुणालातरी सात वर्षांची दर्शना गोठ्यात गवताच्या भाऱ्यांमागे बसलेली सापडली. पोर घाबरलीय, असं सगळे म्हणाले. ती तिथे कधीपासून बसली होती, हे कुणी विचारलं नाही.

तेराव्याला खाणवाला भागोजी दारात आला आणि म्हणाला, देवाच्या मनात होतं, आपण काय करणार. काशीराम आत गेला, शेंदरी रंगाचा डबा घेऊन बाहेर आला आणि तो भागोजीच्या पांढऱ्या जीपवर उपडा केला. पोलिसांनी त्याला दिवसभर बसवून ठेवलं. घरी आल्यावर त्याने विठूचा फोटो ट्रंकेत टाकला आणि बायकोला, मैनाला, सांगितलं की या घरात पुन्हा त्याचं नाव निघता कामा नये. तेव्हापासून निघालं नव्हतं.

शाळेतल्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी काशीराम मांडवीला आनंदीबाईंकडे गेला. महिनाभर घरात पडलेली त्यांची प्लास्टिकची पिशवी त्याला परत करायची होती.

आनंदीबाई त्याच्या प्राथमिक शाळेतल्या बाई. आता त्र्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहायच्या. त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली होती आणि तिची चित्रं काशीरामने काढावीत असं त्यांच्या मनात होतं. पिशवीत तिचेच कागद होते.

“वाचलंस?” त्यांनी विचारलं.

“नाय. मी बोर्ड रंगवणारा मानूस, बाई. होड्या, दुकानं, आंब्याच्या पेट्या. पुस्तकाची चित्रं मला जमायची नायत.”

“बस. एक प्रकरण वाचते, मग जा.”

त्यांनी चष्मा कागदाला जवळजवळ टेकवून वाचायला सुरुवात केली. गोष्ट बायो नावाच्या आठ वर्षांच्या मुलीची होती. तिची धाकटी बहीण विहिरीत पडून मेली. घरी भेटायला येणारा जो तो बायोला सांगतो, की बहीण देवाघरी सुखात आहे. असं कुणी म्हटलं की बायो त्याला चावते. माणसं येतच राहतात, बायो चावतच राहते. शेवटी ती दोर धरून स्वतः विहिरीत उतरते. तळाशी मेलेल्यांचं गाव असतं. तिथल्या म्हाताऱ्यांना ती ओरडून सांगते की माझी बहीण परत द्या. ते म्हणतात, नाही. गोड बोलत नाहीत, समजूत काढत नाहीत. नुसतं नाही म्हणतात. मग बायो एकटीच वर येते.

काशीराम उठून उभा राहिला.

“ह्ये पोरांसाठी लिवलंत तुमी?”

“पोरांसाठीच.”

“आणि मलाच कशाला बोलावलंत? रत्नागिरीत दुसरा पेंटर नाय?”

“पुण्याच्या चित्रकाराने काढून पाठवली होती. गोबऱ्या गालांची मुलं, सगळी हसरी. रडतानाही हसरी. तू बुडालेलं पोर बघितलंयस, म्हणून तुला बोलावलं.”

असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं त्याला. “माझ्या पोराचा तमाशा मांडायचाय तुमाला?” तो म्हणाला. “तुमचं काय गेलंय, बाई? काय गेलंय सांगा.”

“गोदा,” आनंदीबाई म्हणाल्या. “मंडणगडला आमच्या परसातली विहीर. ती पाच वर्षांची, मी सात. मला सांगितलं, गोदा तारा झाली. मी रोज अंगणात जाऊन तारे मोजायचे, एक वाढलाय का बघायला. एवढ्या आभाळात काय कळणार? मला आई खोटं सांगत्येय हे कळत होतं आणि तरी मी मोजत होते. सहासष्ट वर्षं झाली, काशीराम. आई गेली, वडील गेले, तरी माझा त्यांच्यावरचा राग गेला नाही.”

काशीराम पिशवी उचलून घरी परत घेऊन गेला. काढतो असं काही म्हणाला नाही.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या समुद्रात गेल्या आणि बंदरावरचं काम संपलं. एका रविवारी दुपारी काशीराम पडवीत पुठ्ठा घेऊन बसला. आधी त्याने मुखपृष्ठ करायला घेतलं. वरून दिसणारी विहीर, काळा कठडा, दोर, आणि खाली पाणी. पाण्यात निळा भरला. निळ्यात थोडा पांढरा मिसळून लाटा काढल्या. बोर्डावर समुद्र काढायचा तसाच.

दर्शना मागे येऊन कधी उभी राहिली ते त्याला कळलं नाही.

“पाणी निळं नव्हतं,” ती म्हणाली.

“काय?”

“पाणी. लाल होतं. चहासारखं. आत हात घातला की हात दिसायचा नाय.”

काशीरामचा कुंचला थांबला. “तुला काय म्हायती?”

“मी होते ना.”

“कुटं होतीस?”

“विठूदादासंगट. आमी केळीचा तराफा केला होता. तो उलटला. मी काठावर होते. दादा दोनदा वर आला. दुसऱ्यांदा म्हणाला, दर्शे, बाबांना बोलव.”

ती अगदी सपाट आवाजात बोलत होती, फळ्यावरचं वाचून दाखवावं तशी. काशीरामला तिला थांबवायचं होतं.

“मग?”

“मी धावले. घराशी आले. तुमी इथंच बसला होता, बोर्ड करत. मी गोठ्यात गेले.”

“गोठ्यात? मला हाक नाय मारलीस? गोठ्यात कशाला गेलीस?”

“तुमी मारलं असतं,” दर्शना म्हणाली. “खाणीवर गेलात तर तंगडी तोडीन म्हणाला होता. दादाला आदल्या दिवशी पट्ट्यानं मारलं होतं. मी म्हटलं जरा थांबू. दादाला पोहता येतं थोडं. तो आला की दोघं मिळून सांगू, कुटं गेलोच नव्हतो म्हणून. गोठ्यातून तुमची पाठ दिसत होती.”

काशीरामचा हात वर गेला. कशासाठी गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. दर्शना तशीच बघत राहिली, हेडबाईंच्या खोलीत बघत होती तशी. वर गेलेला आपला हात त्याला दिसला. त्याने तो खाली घेतला, तो ओल्या निळ्या रंगावर टेकला आणि सगळं पाणी फिसकटलं.

दारात मैना उभी होती. काजूच्या कारखान्यात बिया फोडून तिची बोटं चिकाने काळी पडलेली असायची. त्या बोटांनी तिने चौकट घट्ट धरली होती.

“मी विचारणार होते हिला,” मैना म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दोन वर्षांत ती अशी बोलली नव्हती. “तेरावं झाल्यावर विचारणार होते. तुमी म्हणालात, त्याचं नाव काढलंस तर घरातून चालती हो. भागोजीच्या गाडीवर रंग ओतायला गेलात. सगळ्या गावानं बघितलं, काशीरामला केवढा राग आला. पोर दिवसभर गोठ्यात बसली, तिच्याकडं कोण गेलं नाय. मी पण नाय गेले.”

“मैना...”

“तुमचा राग आता तुमच्याकडंच ठेवा. आमाला आमचा पुरे हाय.”

तिने दर्शनाचा दंड धरला आणि तिला आत नेलं. दार लोटलं गेलं.

काशीराम संध्याकाळपर्यंत पडवीत बसून होता. मग त्याने नवा पुठ्ठा घेतला. होडीच्या बुडाला लावायचा रेड ऑक्साइडचा डबा उघडला आणि पाणी त्या रंगाने भरलं, दाट, तळ न दिसणारं. नंतरच्या दोन महिन्यांत त्याने बावीस चित्रं काढली. सगळी काळ्या आणि त्या लाल रंगात. बायोचे दात, भेटायला आलेल्या बायकांची गोड तोंडं, तळातल्या म्हाताऱ्यांचे हात. घरात त्याच्याशी कामापुरतं बोलणं होत होतं. मैना जेवण वाढायची आणि निघून जायची.

चित्रं घेऊन तो मांडवीला गेला. आनंदीबाईंनी एकेक पुठ्ठा खिडकीशी नेऊन बघितला. शेवटच्यापाशी त्या थांबल्या. गवताच्या भाऱ्यामागे एक मुलगी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली होती. पुढे लांबवर एका माणसाची पाठ.

“हे माझ्या गोष्टीत नाही,” त्या म्हणाल्या.

“नाय. माझ्या घरात हाय.”

त्याने सगळं सांगितलं. पट्ट्याचंही सांगितलं. आनंदीबाईंनी त्याला धीर दिला नाही. मग त्यांनी कागदांच्या गठ्ठ्यातून दुसरं पान काढलं आणि त्यावरची एक ओळ पेनने खोडली. ‘त्या दिवशी बायो शाळेत होती.’

“मीही शाळेत नव्हते, काशीराम,” त्या म्हणाल्या. “विहिरीशीच होते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.” आणि पेन खाली ठेवत, “हे गोठ्याचं प्रकरण लिहायचं तर तुझ्या मुलीचं आहे ते. तिला विचार. ती नको म्हणाली तर नको.”

काशीरामने विचारलं. तिला काही विचारण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती आणि शब्द कुठून सुरू करावेत ते त्याला कळेना. दर्शनाने ऐकून घेतलं.

“लिवा म्हणावं,” ती म्हणाली. “पण माझं नाव नको. आणि शेवटी बाबा चांगले झाले, असं पण नको लिवायला. तसं काय झालं नाय अजून.”

आनंदीबाईंनी ते प्रकरण लिहून चित्रांसकट सगळं पुण्याच्या प्रकाशकांकडे पाठवलं. दिवाळीनंतर त्यांचं पत्र आलं. आनंदीबाईंनी काशीरामला बोलावून ते वाचून दाखवलं. ‘चित्रे प्रभावी आहेत. तथापि बालवाचकांच्या कोवळ्या मनाचा विचार करता पाण्याचा रंग निळा करावा, गोठ्याचे प्रकरण वगळावे आणि शेवटच्या चित्रात लहान बहीण ढगांतून हात हलवत असल्याचे दाखवावे, ही विनंती.’

“ढगांतून,” काशीराम म्हणाला.

“हो.”

“त्यानला सांगा, एकदा श्रावणात इकडं या. मी खाणीवर घेऊन जातो. ढग बघा म्हणावं.”

आनंदीबाईंचा एक डोळा आता कामातून गेला होता आणि दुसऱ्याचाही डॉक्टरांनी भरवसा दिला नव्हता. “पुस्तक हातात धरावं असं वाटत होतं रे,” त्या म्हणाल्या. “पुण्याचं, चांगल्या बांधणीचं. आणखी वाट बघायला मला वेळ नाही.”

“मग धरा,” काशीराम उठला. “दुसऱ्या पेंटरकडून करून घ्या निळं. माझी चित्रं मला परत द्या.”

“खाली बस.” ती जुनी, वर्गातली हाक होती. तो बसला. “मी हो म्हटलं का? मला नुसतं वाईटही वाटायला नको का? तू एकटाच रागावू शकतोस असं समजतोस. मुलांचं मन कोवळं असतं म्हणून खोटं सांगायचं. अरे, कोवळ्यालाच तर जास्त लागतं. सहासष्ट वर्षं मला या लोकांनी ढग दाखवले.” त्या पत्राच्याच पाठीवर त्यांनी एका ओळीचं उत्तर लिहिलं, ‘आपली विनंती मान्य नाही,’ आणि टपालात टाकायला त्याच्याकडे दिलं.

पुस्तक अखेर रत्नागिरीतल्याच एका लहान छापखान्यात निघालं. तिथे एरवी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचे. दोनच रंग, काळा आणि लाल. लाल मनासारखा यावा म्हणून काशीराम तीन दिवस मशीनपाशी उभा होता. ‘बायो खाली उतरते’ असं नाव त्याने स्वतः हाताने लिहिलं. प्रती तीनशे.

एक प्रत घेऊन तो शाळेत गेला. हेडबाईंनी पानं चाळली, गोठ्याच्या चित्राशी थांबल्या आणि पुस्तक मिटून त्याच्याकडे सरकवलं.

“हे चौथीच्या मुलांच्या हातात द्यायचं? तुम्हीच विचार करा.”

“माझी पोर दुसरीत होती, बाई,” काशीराम म्हणाला, “तेव्हा.”

हेडबाईंनी मान खाली घातली, पण पुस्तक परत जवळ ओढलं नाही. तो ते टेबलावरच ठेवून निघाला. पुढे त्याचं काय झालं ते त्याला कळलं नाही.

दुसरी प्रत त्याने घरी आणली आणि कुणाला न सांगता पडवीतल्या फळीवर ठेवली. चार दिवस ती तिथेच होती. मैनाने चित्रं कधी मागून बघितली नव्हती. ती दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावता यायचं, पण ओळ संपेपर्यंत आधीचा शब्द हातून जायचा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती कारखान्यातून आली, हात राखेने घासून धुतले, पदराला कोरडे केले आणि पुस्तक घेऊन खाली बसली. पानं सावकाश उलटत गेली. काशीराम पायरीवर बसून कुंचले पुसत होता. गोठ्याच्या पानावर ती थांबली. चित्राकडे बघत राहिली. मग उठली आणि उघडं पुस्तक त्याच्यासमोर धरलं.

“वाचा.”

काशीरामने हात पुसले, पुस्तक घेतलं आणि वाचलं. सरकारी नोटीस वाचावी तसं, भरभर, एका दमात.

“परत,” मैना म्हणाली.

त्याने पुन्हा सुरुवात केली. “बायो गवताच्या भाऱ्यामागे बसली. तिला बाबांची पाठ दिसत होती. एक हाक मारली असती तर बाबा उठले असते. पण बाबा उठले की आधी हात उचलायचे...” इथे तो थांबला. ओळीवरून नजर घसरली ती त्याने पुन्हा ओळीवर आणली. “...आधी हात उचलायचे, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.”

मैना उभीच होती. ‘परत’ म्हणाली नाही, आत गेली नाही.

आतून दर्शना आली आणि आईच्या पायाशी बसली. तिने गुडघे जवळ घेतले, हनुवटी त्यांवर टेकवली.

“बाबा, हळू वाचा,” ती म्हणाली. “मला नीट ऐकायचंय.”

काशीरामने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द सुटा करत वाचायला लागला.